विमानातील सायकल आणि तराजूचा हिशेब

अमेरिकेतील ऑरेगन राज्यात ऑरोरा नावाचे एक लहान गाव आहे. रिचर्ड व्हॅनग्रन्सवेन यांनी १९७३ साली सुरू केलेल्या विमान कंपनीचा कारखाना तेथे आहे. ही कंपनी प्रामुख्याने विमानाचे सुटे भाग विकते. ग्राहक ते घरी नेतो आणि फावल्या वेळात, बहुधा काही वर्षे खपून, मोटारीच्या गॅरेजमध्ये स्वतः विमान जुळवतो. बांधणीचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसाने स्वतः केलेला असावा, अशी तेथील कायद्याची अट आहे. आपल्याकडे मुंबईच्या अमोल यादव यांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभारले होते. हौस दोन्हीकडची एकच.

असे दोन आसनी विमान ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. अडचण येते ती उतरल्यावर. लहान धावपट्टीवर टॅक्सी मिळत नाही आणि गाव चार-पाच किलोमीटर दूर असते. म्हणून पुष्कळ वैमानिक आसनांमागे घडीची सायकल ठेवतात. लंडनच्या अँड्र्यू रिची यांनी १९७० च्या दशकात घडवलेली ब्रॉम्प्टन सायकल या कामी सोयीची. सोळा इंची चाके, वजन सुमारे बारा किलो. घडी घातली की लांबी-उंची दोन फुटांच्या आत आणि जाडी फुटाच्या आत.

‘आरव्ही-७’ या विमानात आसनांमागे पंचेचाळीस किलो सामानाची मुभा आहे. दोन सायकलींचे चोवीस किलो म्हणजे मामला सोपा वाटतो. परंतु तराजू वापरणाऱ्याला ठाऊक असते की दांडी केवळ वजनाने झुकत नाही. वजन मध्यापासून किती दूर टांगले आहे, यावरही ते ठरते. विमानाचेही तसेच. एकूण आठशे किलोच्या विमानात चोवीस किलो भार तोलबिंदूच्या एक मीटर मागे ठेवला, तर तो बिंदू तीन सेंटिमीटर मागे सरकतो. तीन सेंटिमीटर ते काय, असे वाटेल. पण तोलबिंदूला हलण्यासाठी मिळणारी एकंदर जागाच जेमतेम वीतभर असते. दोन धिप्पाड माणसे आणि इतर सामान यांनी तिच्यातील बरीचशी आधीच व्यापलेली असते.

तोलबिंदू मर्यादेच्या मागे गेला, तर विमानाचे नाक वर उचलू पाहते. वेग मंदावून विमान गिरक्या घेत कोसळू लागले, तर ते सावरणे अशक्य होऊ शकते. त्यात आणखी एक मेख आहे. या विमानाच्या इंधनटाक्या पंखांच्या पुढच्या कडेत, तोलबिंदूच्या पुढे असतात. इंधन जळत जाते तसा पुढचा भार घटतो आणि तोल आपोआप मागे सरतो. निघताना हिशेबात बसलेले विमान उतरताना हिशेबाबाहेर गेलेले असू शकते, आणि वैमानिकाला ते कळते तेव्हा जमीन अगदी जवळ आलेली असते.

सायकल घट्ट बांधणे हेही तितकेच निकडीचे. हवेच्या धक्क्याने सुटलेले बारा किलोचे लोखंड थेट डोक्यावर येऊ शकते.

यासाठी जाणता वैमानिक सायकल काट्यावर तोलतो आणि दोन हिशेब मांडतो: एक भरल्या टाकीचा, दुसरा रित्या टाकीचा. दुसरा जुळला नाही, तर एक सायकल घरीच राहते आणि उतरल्यावर दोघांपैकी एकाला पायी जावे लागते.