पान्याला कुंकू पुरे झाले!

नुकताच दसरा होऊन गेला. खंडेनवमीला घरोघरी हत्यारे धुऊन पाटावर मांडली गेली. हातोडी, पकड, करवत, पाना यांना हळदकुंकू लागले, झेंडूची फुले वाहिली गेली. दारातल्या मोटारसायकलीच्या हँडलला हार पडला. दुसऱ्या दिवशी तीच पकड आणि तोच पाना माळ्यावरच्या डब्यात परत गेले, ते पुढच्या खंडेनवमीपर्यंत. गाडी जरा खोकू लागली की नाक्यावरच्या मिस्त्रीला हाक! ज्या वस्तूला आपण वर्षातून एकदा देव मानतो, तिला उरलेले ३६४ दिवस हात लावायची आपल्याला लाज वाटते. याला भक्ती म्हणत नाहीत. याला सोवळे म्हणतात.

या सोवळ्याचा अगदी ताजा आणि चमकदार नमुना म्हणजे जुन्या मोटारसायकलींचे सध्याचे वेड. वेड वाईट नाही. आजोबांची जावा गोठ्यातून किंवा जिन्याखालून बाहेर निघते, याचा कोणालाही आनंदच व्हावा. पण पुढे काय होते? ती टेंपोत चढते, एखाद्या गॅरेजात जाते आणि सहा महिन्यांनी आरशासारखी चकाकत परत येते. टाकीवर नवा रंग, सायलेन्सरवर नवे क्रोमियम, सीटवर नवे रेक्झिन. मालक शेजारी उभा राहून छायाचित्र काढून घेतो आणि सांगतो, "मी ही गाडी पुन्हा उभी केली." आपण काय केले, हे विचारले तर उत्तर एकच : पैसे दिले. माझे म्हणणे असे की, जुनी मोटारसायकल घरी, आपल्या हातांनी बांधायची असते आणि ती चालवण्यासाठी बांधायची असते. बाकी सारे मखर आहे.

जावाचेच उदाहरण घेऊ, कारण पुण्यापासून कोल्हापुरापर्यंत ती अजून अनेक घरांत आहे. फ्रांतिशेक यानेचेक या चेक गृहस्थाने १९२९ साली जर्मनीच्या वाँडरर कारखान्याची मोटारसायकल बनवण्याचे हक्क घेतले. दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून 'जावा' हा शब्द झाला. आपल्याकडे म्हैसूरच्या कारखान्यातून ती १९६१ पासून निघू लागली. पुढे तिचेच 'येझदी' झाले आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये जावा हे नाव बाजारात पुन्हा आले, पण त्या गाडीचे इंजिन निराळे, चार धावांचे. जुनी जावा ती जुनीच.

या जुन्या जावाचे इंजिन म्हणजे साधेपणाचा कळस. ६५ मिलिमीटर व्यासाचे एकच सिलिंडर, ७५ मिलिमीटरांची धाव. चार धावांच्या इंजिनाला असतात तसले व्हॉल्व्ह नाहीत, ते उघडणारी यंत्रणा नाही. पिस्टन वर जाताना खालच्या पेटीत पेट्रोल-हवेचे मिश्रण ओढून घेतो आणि खाली येताना तेच वर ढकलतो. एकाच हाताने दळावे आणि दुसऱ्याने घास घालावा, तसा प्रकार. किक आणि गिअर यांना मिळून दांडाही एकच. शाळेत विज्ञान शिकलेल्या कोणालाही हे इंजिन एका दुपारी समजते. असे यंत्र घरात असताना ते न उघडता रंगवायला पाठवणे म्हणजे ग्रंथ न वाचता त्याला नुसते रेशमी वेष्टन घालणे होय.

रंगाविरुद्ध माझी तक्रार एवढ्यावरच थांबत नाही. रंग खोटे बोलतो. टू-स्ट्रोक इंजिनाची खालची पेटी हवाबंद असावी लागते, आणि तिचा हवाबंदपणा क्रँकच्या दोन बाजूंना बसवलेल्या रबरी ऑइल सीलवर अवलंबून असतो. गाडी वीस वर्षे जिन्याखाली उभी राहिली की हे रबर वाळून कडक होते. मग एका बाजूने फुकटची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, गाडी रिकामी उभी असतानाच भडकल्यासारखी धावू पाहते आणि पिस्टन तापतो. क्लचच्या बाजूचे सील गेले तर तिकडचे तेल इंजिनात ओढले जाते आणि धुराला खळ पडत नाही. रंगकाम झालेल्या किती गाड्यांमध्ये ही दोन सीले बदललेली असतात, हे मालकाला ठाऊक नसते. कारण त्याने ती कधी पाहिलेलीच नाहीत. जो इंजिन उघडतो त्याला मात्र ती सर्वांत आधी आठवतात.

आता गाडी 'लावण्या'विषयी. ट्यूनिंग म्हणजे कान असलेल्या मिस्त्रीची काही गूढ सिद्धी आहे, असा आपला समज. वस्तुतः ही विद्या आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान् पिढ्या नांदते आहे. चकलीच्या पिठात मोहन जास्त झाले तर चकली तेलात विरघळते, कमी पडले तर दगड होते; आणि घरची बाई पहिली चकली तळून, मोडून पाहून पुढचे ठरवते. कार्ब्युरेटरचे गणित नेमके हेच आहे. वजनाने पेट्रोलच्या एका भागाला हवेचे सुमारे पंधरा भाग लागतात. ते जमले की नाही हे सांगणारी पहिली चकली म्हणजे स्पार्क प्लग. गाडी चांगली दमवून आणून प्लग काढावा : तोंड काजळीने काळे असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरके असेल तर हवा जास्त, तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर. एवढी परीक्षा करायला काही पदवी लागत नाही, डोळे लागतात.

ठिणगीचेही तसेच. मिनिटाला चार हजार फेरे घेणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनात ठिणगी मिनिटाला चार हजार वेळा पडते, आणि ती पाडणाऱ्या दोन पॉइंटांमधली फट असते सुमारे ०.४ मिलिमीटर, जेमतेम नखाच्या जाडीची. ही फट फिलर गेजने मोजता येते. ठिणगी पिस्टन माथ्यावर पोचण्याआधी किती अंतरावर पडावी याचे माप गाडीच्या पुस्तिकेत असते. पॉइंटमध्ये तलम कागदाची पट्टी धरली की ती कोणत्या क्षणी सुटते यावरून तो क्षण पकडता येतो. आठवी-नववीतल्या मुलाला किंवा मुलीला एक रविवार हे काम करू द्यावे. दशांश अपूर्णांक कशासाठी असतात, हे त्यांना पुन्हा समजावून सांगावे लागणार नाही.

यावर आक्षेप येतात. पहिला आक्षेप : "घरी बांधत बसलात तर मिस्त्रीच्या पोटावर पाय येईल." आक्षेप दयाळूपणाचा दिसतो, पण तो फसवा आहे. सिलिंडर बोअर करणे, क्रँक दाबून सरळ करणे, बेअरिंगे बसवणे ही कामे घरी होत नाहीत. ती कारखान्यातच न्यावी लागतात. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या ठिकाणी लेथवर उभा असलेला कारागीर शतांश मिलिमीटरांत जे साधतो, त्याची खरी किंमत कोणाला कळते? ज्याने स्वतः एकदा रिंग बसवताना मोडली आहे त्याला! अडाणी गिऱ्हाईक घासाघीस करते. जाणते गिऱ्हाईक नमस्कार करते आणि वर मजुरी पुरती देते.

दुसरा आक्षेप धुराचा, आणि तो खरा आहे. टू-स्ट्रोक इंजिनात ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच बाहेर निसटतो. शिवाय पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. हा त्या यंत्राचा जन्मदोष आहे, तो मी झाकणार नाही. म्हणून ही गाडी रोज कचेरीला नेण्यासाठी नव्हे. महिन्यातून दोन-चार वेळा रस्त्यावर काढण्यासाठी आहे. पण मग जी गाडी क्वचितच चालणार, ती तरी नीट लावलेली नको का? अंदाजाने तेल ओतलेली, काजळीने सायलेन्सर तुंबलेली गाडी अधिक धूर ओकते, आणि अशा गाड्या बहुधा न उघडता रंगवलेल्यांपैकीच असतात.

तिसरा आधार कायद्याचा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नियम केला : पन्नास वर्षांहून जुने आणि मूळ स्वरूपात राखलेले वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते, नोंदणी २०,००० रुपयांत, मुदत दहा वर्षांची, फेरनोंदणी ५,००० रुपयांत. असे वाहन नित्याच्या वा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणायचे नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणे आणि देखभाल यांसाठी आणता येते. काही मालक यावरून निष्कर्ष काढतात की, गाडी मखरातच बसायची तर आत काय चालले आहे याची चौकशी कशाला? अहो, त्याच यादीत देखभाल हा शब्द आहे! आणि सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा अशीही अट आहे. मूळ काय होते हे ज्याला ठाऊक नाही, तो मूळ राखणार कसे?

पण हे सारे वरवरचे आक्षेप झाले. खरे कारण कोणी बोलून दाखवत नाही, म्हणून मी बोलतो. शिकलेल्या माणसाने हात काळे करू नयेत, ही आपली जुनी शिकवण आहे. लोहार-सुताराला आपण बलुते दिले, पण पंक्तीला बसवले नाही. त्यांची विद्या कधी विद्या म्हणून मानली नाही. तिला 'काम' म्हटले. आज जातीचे नाव घेत नाही इतकेच. पण अभियंता झालेला मुलगा पंक्चर काढायला खाली बसला तर आईच्या जिवाची घालमेल होते, ती अजून त्याच कारणाने. मुलीने पाना उचलला तर विचारायलाच नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ साली बेळगावातल्या सायकलींच्या दुकानाने झाली आणि १९१० मध्ये त्यातून किर्लोस्करवाडी उभी राहिली, हे आपण मुलांना धड्यातून शिकवतो, आणि त्याच मुलाच्या सायकलीची साखळी उतरली की म्हणतो, "राहू दे, हात खराब होतील."

याची किंमत आपण मोजतो आहोत. जुने मिस्त्री थकत चालले. पॉइंटची फट नजरेने सांगणारी, आवाजावरून बेअरिंग ओळखणारी माणसे दरवर्षी कमी होतात, आणि त्यांचे ज्ञान कोणत्याही पुस्तकात उतरलेले नाही. चकाकणाऱ्या गाड्या मागे राहतील. त्या सुरू करणारे कोणी राहणार नाही. मग त्या गाड्या नव्हेत, लोखंडाच्या मूर्ती. घराघरांतून आठ-दहा वर्षांची मुले त्या हातांशेजारी बसून शिकली, तरच ही विद्या पुढच्या पिढीत जाईल. ती बाजारातून विकत मिळत नाही.

म्हणून या दिवाळीच्या सुटीत, फराळाचा पहिला उत्साह ओसरला की, जिन्याखालची गाडी अंगणात काढा. पणत्या आणि फटाके यांपासून ती दूर ठेवा. टाकीतले जुने पेट्रोल उघड्यावर, दिवसाउजेडी काढा. पहिल्याच दिवशी इंजिन फोडू नका. आधी प्लग काढून पाहा, मग पॉइंट, मग कार्ब्युरेटर. काढलेला प्रत्येक भाग काढल्याच्या क्रमाने जुन्या वर्तमानपत्रावर मांडा आणि त्याचे नाव मुलांकडून लिहून घ्या. जिथे अडेल तिथे नाक्यावरच्या मिस्त्रीला चहाला बोलवा. दुरुस्त करायला नव्हे, शिकवायला. त्याला खुर्ची द्या आणि आपण खाली बसा. एवढे जमले तर गाडी या दिवाळीत सुरू झाली नाही तरी चालेल. पुढच्या दिवाळीपर्यंत ती होईल, आणि तेव्हा ती कोणी उभी केली हे घरात कोणाला विचारावे लागणार नाही.