गवसणीतली सतार बाहेर काढा

मध्यमा-विशारदपर्यंत सतार किंवा व्हायोलिन शिकून पुढं नोकरी-संसारात वाद्य मागं पडलं, अशी माणसं हुबळी-धारवाडच्या मराठी घरांत पुष्कळ आहेत. माझी विनंती त्यांनाच आहे. विद्यानगरात, आपल्या घरी, चार-सहा मुलांचा वर्ग सुरू करा.

‘मी कुठली मोठी कलाकार?’ असं म्हणून मागं सरू नका. सतारीला खर्जाची जोड देणारे रहिमत खाँ धारवाडात स्थायिक झाले आणि त्यांच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या इथंच विद्या दिली. त्यांचे नातू बाळे खाँ 2007 साली गेले, पण त्यांचे शागीर्द आजही वाजवताहेत. ही परंपरा थोरामोठ्यांवर सोपवून आपण मोकळं व्हायचं नाही. नऊ वर्षांच्या पोराला मैफल गाजवणारा उस्ताद लागत नाही. ज्याचा सूर पक्का आहे आणि जो चिडत नाही, असं माणूस लागतं.

मुलं थोडीच घ्या. एका वेळी तीन पुरेत, कारण प्रत्येकाच्या हाताकडे बघावं लागतं. नखी मोठ्या मापाची असली की बोटावर फिरते, मग ‘दा’ स्वच्छ निघत नाही आणि मूल उगाच रडकुंडीला येतं. लहान बोटाची नखी आणून ठेवा. व्हायोलिन तर पाव, अर्धा, पाऊण अशा मापांत मिळतं. ‘पुढं उपयोगी पडेल’ म्हणून थेट मोठं घेऊ देऊ नका. बोटांची टोकं सुरुवातीला दुखतात. हे पालकांना पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात मूल यायचं बंद होतं.

सगळ्यात जास्त वेळ तार लावण्याला द्या. बहुतेक वर्गांत गुरुजी स्वतःच भराभर वाद्य मिळवून मुलाच्या हाती देतात. वेळ वाचतो, पण कान तयार होत नाही. तानपुरा सुरू करा, मोबाईलवरचाही चालेल, आणि मुलालाच खुंटी पिळू द्या. तार षड्जाच्या खाली राहिलीय की वर गेलीय, हे त्यालाच विचारा. जवळ आली की खुंटी सोडून मणी सरकवायला शिकवा. एखादी तार तुटेल, तुटू द्या. जादा तारा जवळ ठेवा आणि नवी चढवणं त्यालाच करू द्या. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, उन्हाळ्यात सुटतात. तेव्हा खडू कसा लावायचा तेही दाखवा. पंधरा मिनिटं यातच गेली तरी तो धडाच आहे.

आता फीचं. आपल्याकडे विद्येचे पैसे मागायला संकोच वाटतो, आणि त्या संकोचापायी चांगले वर्ग वर्षभरात बंद पडतात. फी महिन्याच्या सुरुवातीला, कागदावर लिहून, सगळ्यांना सारखी सांगा. बुडालेला तास कधी भरून देणार, कधी नाही, तेही लिहा. ज्याला झेपत नाही त्याला सवलत जरूर द्या, पण ती तुमच्या त्यांच्यातच ठेवा. खोलीचं दार उघडं असू द्या. कुणा आईला किंवा आजोबांना बसायचं असेल तर बसू द्या, मात्र मधेच सूचना करू नयेत हे आधी सांगा.

वाद्याच्या किमतीवरून घरोघरी अडतं. एखाद्या नातेवाइकाकडे माळ्यावर जुनी सतार असतेच. ती मिरजेला न्या, जवारी काढून घ्या, सैल पडदे बांधून घ्या. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय आणि तिथले कारागीर आपल्यापासून रेल्वेनं काही तासांवर आहेत.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना माझा विरोध नाही. पण पहिलं वर्षभर तरी प्रारंभिकचा फॉर्म भरू नका. तेच चार राग घोटून मूल पास होतं आणि वाद्य ठेवून देतं, हे फार पाहिलंय.

जूनमध्ये शाळा लागल्या की ट्यूशनच्या वेळा ठरून जातात, मग मुलांकडे संध्याकाळ उरत नाही. म्हणून मेमध्येच तारा बदला, दोन तास ठरवा, आणि वेळ व फी लिहिलेली चिठ्ठी कॉलनीतल्या दुकानात लावा. कन्नड आणि मराठी, दोन्हींत लिहा.