लाडकी बहीण ई-केवायसी: ‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमकं काय अडतं?

पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरून महाडला यायचं, रांग लावायची आणि ऐकायचं, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ महिन्याच्या १,५०० रुपयांसाठी दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं बुडतं ते वेगळंच.

सरकारने १८ सप्टेंबर २०२५ ला ‘लाडकी बहीण’ची ई-केवायसी दोन महिन्यांत करायला सांगितली. ओटीपीच्या तक्रारी इतक्या आल्या की मंत्री अदिती तटकरे (आपल्याच रायगडच्या!) यांनीही तांत्रिक अडचण मान्य केली. पुढे मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली.

आता थोडा हिशोब. लाभार्थी २ कोटींहून जास्त. ६० दिवस, रोज १० तास धरले तर सेकंदाला साधारण ९ महिला. झेपण्यासारखं वाटतं ना? पण निम्म्या जणी शेवटच्या आठवड्यात आल्या, तर हाच आकडा ४० वर जातो. त्यात प्रत्येकीचे ओटीपी दोन, एक स्वतःचा आणि एक पती किंवा वडिलांचा.

मोठ्या वेबसाइटमागे सहसा काही दणकट मशीन असतात. एका मशीनचे सॉफ्टवेअरने अनेक भाग पाडतात, त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एक भाग पान दाखवतो, एक ओटीपी तपासतो, एक नोंदी ठेवतो. प्रत्येकाला प्रोसेसरचे कोअर आणि मेमरी वाटून द्यावी लागते.

लग्नाचा स्वयंपाक आठवा. कोअर म्हणजे शेगड्या. चार शेगड्यांवर आठ पातेली आलटून पालटून शिजतात, फक्त वेळ लागतो. म्हणून ३२ कोअरच्या मशीनवर कागदोपत्री ६४ कोअर वाटले तरी एरवी चालून जातं. मेमरी मात्र ओट्यावरची जागा. ती भरली की भांडी अंगणात ठेवून आत-बाहेर पळावं लागतं. कॉम्प्युटर तेव्हा डिस्क वापरतो, आणि ती मेमरीपेक्षा कितीतरी संथ. पान नुसतं फिरत राहतं ते बऱ्याचदा यामुळे.

मग सगळ्यांनाच भरपूर का देत नाहीत? एकाला दिलेली मेमरी दुसऱ्याची कमी होते. पान दाखवणाऱ्याला ढीगभर दिली आणि नोंदी ठेवणारा उपाशी राहिला, तर फॉर्म झटकन उघडतो आणि ‘सबमिट’वर अडकतो. शिवाय ओटीपीचा एसएमएस वेगळ्याच यंत्रणेतून येतो, तिथे ही वाटणी कामाची नाही.

मुदतवाढीने रोजची सरासरी उतरते, शेवटच्या आठवड्याची झुंबड उतरेलच असं नाही. त्यापेक्षा तालुकावार आठवडे ठरवावेत: या आठवड्यात महाड-पोलादपूर, पुढच्यात माणगाव. त्याला नवीन मशीन लागत नाही.