उद्रेकाचे शास्त्र आणि शासनाची सोय

राजधानीच्या राजकीय शब्दकोशात ‘उद्रेक’ हा शब्द फार सोयीचा आहे. जमाव रस्त्यावर उतरतो, माणसे मारली जातात, घरे जळतात आणि मग कोणीतरी जबाबदार पदावरील व्यक्ती हा लोकभावनेचा उद्रेक होता, असे सांगून मोकळी होते. उद्रेक ज्वालामुखीचा होतो. ज्वालामुखीवर आरोपपत्र ठेवता येत नाही. पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हत्येनंतर दिल्लीत शिखांचे शिरकाण झाले. त्यात अधिकृत आकड्यानुसार २७३३ जण मारले गेले. १९ नोव्हेंबर १९८४ रोजी बोट क्लबवरील सभेत राजीव गांधी यांनी मोठा वृक्ष कोसळला की धरणी हादरतेच, अशा आशयाचे उद्गार काढले. हिंसेला निसर्गनियमाच्या पंक्तीला बसविण्याचे इतके ठळक उदाहरण भारतीय राजकारणात दुसरे सापडणे कठीण.

या मांडणीला शास्त्राचा आधार मिळतो का, हे तपासून पाहण्याजोगे आहे. आक्रमकता माणसाच्या अंतर्यामीच असते, असे मानणारी परंपरा मोठी आहे. फ्रॉइडने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मृत्युप्रेरणेची कल्पना मांडली. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी १९६३ मध्ये आक्रमकता ही आत साचत जाणारी व वाट शोधणारी सहजप्रेरणा असल्याचे प्रतिपादन केले. १९९३ मध्ये एका डच कुटुंबातील हिंसक पुरुषांमध्ये एका विशिष्ट जनुकातील दोष आढळला आणि ‘हिंसेचे जनुक’ सापडल्याचा गवगवा झाला. परंतु २००२ मध्ये न्यूझीलंडमधील दीर्घकालीन अभ्यासाने त्यात महत्त्वाची भर घातली. त्या जनुकाचा क्षीण प्रकार जन्मतः मिळालेली, पण मायेने वाढलेली मुले सहसा हिंसक होत नाहीत. ज्यांचे बालपण छळात गेले त्यांच्यातच तो प्रभाव प्रकर्षाने दिसतो, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याआधीच, १९८६ मध्ये, विविध देशांतील शास्त्रज्ञांनी सेव्हिल येथे एकत्र येऊन, युद्ध माणसाच्या रक्तातच आहे हे विधान अशास्त्रीय असल्याचे जाहीर केले होते.

जीवशास्त्र जेव्हा कायद्याच्या पुस्तकात शिरते तेव्हा काय होते, याचा अनुभव भारताइतका कोणाला असेल? ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला, तो गुन्हेगारी वंशपरंपरेने येते या गृहीतकावर. पारध्यांसह अनेक जमातींवर जन्मतःच शिक्का बसला. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, माणसे ‘विमुक्त’ झाली. पण पोलीस ठाण्यातील संशय आजही पुरता मावळलेला नाही. थोडक्यात, दुर्बळांच्या बाबतीत ‘स्वभाव’ हा आरोप ठरतो आणि बलवानांच्या जमावाच्या बाबतीत तोच ‘स्वभाव’ सबब ठरतो.

मानसशास्त्राने मात्र या सबबीला फारसा थारा ठेवलेला नाही. अल्बर्ट बांडुरा यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. मोठ्या माणसाने बाहुलीला बडवताना पाहिले की मुलेही तसेच करतात, हे १९६१ च्या प्रयोगात दिसले. १९६५ चा पुढचा प्रयोग अधिक बोलका आहे. मारणाऱ्याला शिक्षा झालेली ज्या मुलांनी पाहिली, त्यांनी त्याचे अनुकरण कमी केले. पण बक्षीस देऊ केल्यावर त्यांनीही तेच वर्तन हुबेहूब करून दाखविले. म्हणजे शिकली सारीच होती. कोणी काय करावे, हे ठरले परिणामाच्या अपेक्षेने. दंगलीच्या संदर्भात याचा अर्थ उघड आहे. संताप अनेकांच्या मनात असतो. तो रस्त्यावर उतरतो तो शिक्षा होणार नाही अशी खात्री असेल तेव्हा.

१९८४ ची हकीकत नेमके हेच सांगते. हिंसेचा आरंभ संतापातून झाला, पण पुढे तिला संघटित हत्याकांडाचे रूप आले, असा निष्कर्ष नानावटी आयोगाने २००५ मध्ये नोंदविला. त्याच वर्षी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी राज्यसभेत क्षमायाचना केली. माजी खासदार सज्जन कुमार यांना दिल्ली उच्च न्यायालयाने दोषी ठरविले ते १७ डिसेंबर २०१८ रोजी, म्हणजे चौतीस वर्षांनी. उद्रेक तीन-चार दिवसांचा आणि न्याय तीन दशकांपलीकडचा, या अंतरातूनच पुढच्या जमावाला धडा मिळतो.

त्याच निकालात न्यायालयाने मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार यांचा भारतीय कायद्यात समावेश नसल्याकडे लक्ष वेधले होते. पाच वर्षांनी, डिसेंबर २०२३ मध्ये, संसदेने भारतीय न्याय संहिता मंजूर केली. ही उणीव तशीच राहिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कलम १०३ (२) मध्ये, पाच वा अधिक जणांनी जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून संगनमताने केलेल्या हत्येला स्वतंत्र गुन्हा मानले गेले, ही मोठीच प्रगती. पण कारणांच्या त्या यादीत ‘धर्म’ हा शब्द स्पष्टपणे नाही, आणि चिथावणी देणाऱ्या वा डोळेझाक करणाऱ्या अधिकारपदस्थाची वेगळी जबाबदारीही त्या कलमात नाही. जमावबळींच्या प्रतिबंधासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाहून कमी दर्जाचा नसलेला अधिकारी नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्येच बजावले आहे. प्रश्न आता कागदाचा नसून, त्या खुर्चीवर बसलेल्या अधिकाऱ्याच्या पहिल्या दोन तासांतील निर्णयाचा आहे.

भाषा आणि जन्मस्थान हे शब्द त्या कलमात आले, हे परप्रांती राहणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. आज दुसऱ्याच्या दारातला उद्रेक समजून घेणारा समाज उद्या स्वतःच्या दारातल्या उद्रेकाविरुद्ध कोणत्या तोंडाने दाद मागणार? माणूस आक्रमक आहे की नाही, हा वाद प्रयोगशाळेत चालू राहील. त्याला मोकळे रान द्यायचे की नाही, हे मात्र शासनच ठरवते.