उताऱ्याचा हिशेब विचारता, मास्तरांचाही विचारा

शेतकरी बंधूंनो, कारखान्याचं धुराडं पेटलं की तुमचा पहिला प्रश्न असतो, "उतारा किती?" बरोबरच आहे. एफआरपी उताऱ्यावर ठरते. रस, मळी, बगॅस तपासून या उताऱ्यावर नजर ठेवतो तो कारखान्याचा केमिस्ट. आणि तो केमिस्ट शिकलेला असतो आपल्याच भागातल्या एखाद्या महाविद्यालयात. त्याला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मास्तरांच्या पदरात काय पडतं, हे कधी विचारलंत?

कराड परिसरात आज घरोघरी एम.एस्सी. झालेली पोरं-पोरी आहेत. प्राध्यापक व्हायचं तर एम.एस्सी.ला ५५ टक्के गुण (राखीव प्रवर्गाला ५ टक्के सूट) आणि नेट किंवा सेट लागते. केमिकल इंजिनिअरिंगची वाट वेगळी आहे. तिथं बी.ई. आणि एम.ई. लागते, त्यातल्या एकीत प्रथम श्रेणी हवी. बापानं ऊसबिलातून फी भरली, पोरानं सेट काढली. पुढं काय? जाहिरात येते ती 'तासिका तत्त्वावर'. जेवढे तास, तेवढे पैसे. सुट्टी लागली की हात रिकामे. पोरगं घरात 'प्राध्यापक' आणि उधारीच्या वहीत शेतमजूर!

संस्थाचालक म्हणतात, शासन भरतीला परवानगी देत नाही. शासन तिजोरीकडं बोट दाखवतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत कंत्राटी शिक्षक अगदी गरजेपुरते, एकूण पदांच्या १० टक्क्यांच्या आत असावेत, असं लिहिलं आहे. कागद एक बोलतो, वर्गात दुसरंच दिसतं. ज्याला पुढच्या वर्षीची खात्री नाही, तो प्रयोगशाळेत मन कसं रमवणार? आणि त्याच्या हाताखाली शिकलेलं पोरगं उद्या तुमची माती, पाणी आणि ऊस तपासणार आहे.

म्हणून दोन गोष्टी करा. पोराला एम.एस्सी.ला घालण्याआधी महाविद्यालयात विचारा: रसायनशास्त्राची मंजूर पदं किती, भरलेली किती, तासिकेवर किती? उत्तर मिळालं नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. अनुदान घेणाऱ्या महाविद्यालयाकडं अर्ज करता येतो. मतं मागायला येणाऱ्या पुढाऱ्यालाही हेच विचारा.

गावच्या कारभाऱ्यांनो, भाऊसाहेबांनो, तुम्हालाही एक विनंती. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात पडताळणी यांची सुरुवात तुमच्याच टेबलावरून होते. जाहिरातीची मुदत तुमच्या सवडीसाठी थांबत नाही. एका दाखल्यापायी कुणाची पाच वर्षांची मेहनत वाया जाऊ देऊ नका.

१९१९ साली याच कराडजवळच्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. या मुलखातलं शिक्षण रयतेच्या घामावर उभं राहिलं आहे. घाम ज्याचा, हिशेब मागायचा हक्कही त्याचाच. तो मागा.