खुंट कोणता, हे आधी विचारा

संत्र्याचे एक झाड म्हणजे खरे पाहता दोन झाडे. फांद्या, पाने, फळे नागपुरी संत्र्याची. मुळे मात्र जंभेरीची किंवा रंगपूर लिंबाची. रोपवाटिकेत या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. हिंगण्याच्या कारखान्यांपलीकडच्या एखाद्या बागेत पिवळ्या पानांचे, शेंडे वाळलेले झाड दिसले, तर बुंधा पाहा. साल तडकून डिंक ओघळत असेल तर तो डिंक्या रोग. त्याचे मूळ मातीत असते.

फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा सूक्ष्म जीव त्याला कारण. त्याच्या एका जातीचे वर्णन जहांगीर दस्तूर यांनी १९१३ साली एरंडीवरून केले. तीच जात संत्रावर्गीय झाडांची मुळेही कुजवते. तिचे बीजाणू मातीतल्या पाण्यात चक्क पोहतात! काळ्या जमिनीत पाणी साचले, की त्यांचे फावते. जंभेरी लवकर हार खाते, रंगपूर लिंबू त्यामानाने तग धरते.

मग संकर करून याहून चिवट खुंट का काढू नये? अडचण बियांतच आहे. या झाडांच्या एकाच बीत बहुधा अनेक भ्रूण असतात आणि त्यांतले बहुतेक केवळ आईच्या पेशींपासून झालेले. संकरित भ्रूण या गर्दीत मागे पडतो. शिवाय वेळ! अमेरिकेत स्विंगल यांनी पपनस वर्गातले ग्रेपफ्रूट आणि त्रिदली संत्रे यांचा संकर १९०७ मध्ये केला. तो खुंट म्हणून प्रसारित झाला १९७४ मध्ये. तब्बल ६७ वर्षे.

तो तयार खुंटच आणावा, असे कोणी म्हणेल. पण चुनखडीयुक्त, चिकण जमिनीत त्याला लोह मिळेनासे होऊन पाने पिवळी पडतात. विदर्भात अशी जमीन पुष्कळ आहे. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की आपला खुंट आपल्याच मातीत पारखला पाहिजे. नागपुरात लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. तिथल्या कामाचा हिशेब पाच वर्षांच्या मापाने मागणे मला अन्यायाचे वाटते. आज लावलेल्या रोपाचा निकाल कदाचित तुमच्यापैकीच कोणी नोंदवील.

तोवर बुंध्याला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावणे, बुंध्याशी पाणी साचू न देणे हे उपाय आहेतच. पण ते पुढचे. घरी कलमे आणायची असतील तर वडिलांबरोबर रोपवाटिकेत जा. भाव ते विचारतील. तुम्ही खुंट कोणता ते विचारा, आणि डोळा मातीपासून वीतभर तरी वर बांधला आहे का, ते हाताने मोजून पाहा.