शिकार सरली, सोबती उरला

आपल्या सीमाभागातील जुन्या शिकारी घरांत बंदूक खुंटीला आणि कुत्रा उंबऱ्याशी, अशी जोडी असे. त्या कुत्र्यांत मान मुधोळी जातीचा. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासून नावारूपास आणली. २००५ साली भारतीय टपाल खात्याने तिचे तिकीटही काढले. निमुळते तोंड, खोल छाती, लांब पाय. वासापेक्षा नजरेच्या बळावर धावणारा हा प्राणी सशाला भर माळावर गाठीत असे.

पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा शिकारीस बंदी आली, आणि ते योग्यच झाले. परंतु कुत्र्याच्या रक्तातील धाव कोणता कायदा थांबवणार? येळ्ळूरसारख्या गावी असा कुत्रा पाळणाऱ्याने हे ध्यानी घ्यावे. दिवसभर साखळीला जखडल्यास तो चिडखोर होतो. मोकाट सोडल्यास शेजाऱ्याच्या कोंबड्यांचा काळ ठरतो. म्हणून कुंपणाच्या आत त्यास रोज मनसोक्त दौडू द्यावे. रानात मात्र दोरी हातची सोडू नये. दरवर्षी रेबीजप्रतिबंधक लस टोचून घ्यावी. तो कोणास चावलाच, तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ दवाखाना गाठावा. हळद-चुन्यावर विसंबू नये.

आणि म्हाताऱ्या कुत्र्यास दूर रानात नेऊन सोडण्याचा विचारही मनी आणू नये. ज्याने एके काळी आपल्या घरी ससा आणला, त्याच्यापुढे शेवटपर्यंत भाकरी पडावी. शिकार सरली म्हणून त्याचे इमान सरले नाही. मग आपले का सरावे?